काशीची वाट आणि पतीचा शब्द

काशीच्या उत्तरवाहिनी गंगेवर मणिकर्णिकेच्या पुढे सिंदिया घाट लागतो. तो बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविला. त्याला लागूनच संकठा घाट आहे आणि त्यापलीकडे नागपूरकरांचा भोसले घाट. वरच्या गल्लीतील संकटादेवीच्या देवालयावरून संकठा घाटाला हे नाव मिळाले. संकटहारिणी म्हणून या देवीची ख्याती आहे. दोन मराठी घराण्यांच्या घाटांमध्ये वसलेल्या या देवीचा आश्रय प्रवासाला निघालेल्या आणि प्रवासाहून परतलेल्या माणसाला जवळचा वाटावा, यात नवल नाही. कारण एके काळी महाराष्ट्रातून काशीला येणे हेच मोठे संकट होते.

त्या काळच्या यात्रेकरूपुढे दोन प्रश्न असत. खर्च कोणी करावयाचा, हा पहिला. आणि परक्या मुलखातून जाऊ देण्याबद्दल शब्द कोणी टाकावयाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हुंडी हे होते. रोकड बाळगणे म्हणजे चोरांना आमंत्रण देणे. म्हणून पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरावी, हुंडणावळ द्यावी आणि काशीच्या पेढीवर दर्शनी हुंडी दाखवून पैसे उचलावे, अशी सोय होती. दुसऱ्याचे उत्तर इतके सोपे नव्हते. वाटेत अनेकांचे अंमल होते. प्रत्येक ठिकाणी दस्तक, जकात आणि चौकी यांना तोंड द्यावे लागे. तेथे पैशापेक्षा नाव चाले, आणि स्त्रीच्या बाबतीत ते नाव बहुधा पतीचे किंवा पुत्राचे असे.

बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये पुण्याहून यात्रेस निघाल्या, त्या १७३६ मध्ये परतल्या. उदयपुरास राण्यांनी व जयपुरास सवाई जयसिंहांनी त्यांचा सत्कार केला. महंमदखान बंगश याला बाजीरावांनी १७२९ मध्ये जैतपुराजवळ कोंडीत धरले होते. तरीही त्यानेच या मातेच्या प्रवासास आपल्या मुलखात कसलीही तोशीस लागू दिली नाही. या आदरामागे सौजन्य होते, तसेच पुत्राच्या तलवारीचे भयही होते. राधाबाईंचा खरा परवाना कागदावर लिहिलेला नव्हता. तो बाजीरावांच्या नावात होता.

ज्यांना असे नाव नव्हते त्यांच्यासाठी धनिकांनी व मुत्सद्द्यांनी सोयी केल्या. नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत वास्तव्य करून ब्रह्माघाट, दुर्गाघाट या बाजूस मराठी वस्तीचा पाया घातला. काशीहून गयेस जाताना कर्मनाशा नदी आडवी येते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाल्यास पुण्य नष्ट होते अशी समजूत असल्याने यात्रेकरू अडून राहत. म्हणून नाना फडणिसांनी तिच्यावर पूल बांधण्यास आरंभ केला. तो त्यांच्या हातून पुरा झाला नाही. पुढे काशीच्या पटनीमलांनी ते काम तडीस नेले. कंपनीच्या अमलात प्रयाग आणि गया येथे यात्रेकरूंवर कर होता. तो १८४० च्या कायद्याने बंद झाला. परंतु कर गेला म्हणून परवानगीचा प्रश्न गेला, असे मात्र झाले नाही. याचा कठोर प्रत्यय काशीतच जन्मलेल्या एका मराठी स्त्रीला आला.

मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा यांच्या आश्रयास काशीत होते. त्यांची कन्या मणिकर्णिका हिचा जन्म याच नगरीत झाला. चिमाजीअप्पांच्या मृत्यूनंतर मोरोपंत ब्रह्मावर्तास गेले, आणि १८४२ मध्ये मणिकर्णिकेचा विवाह झांशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी होऊन ती लक्ष्मीबाई झाली. १८५० च्या सुमारास गंगाधररावांनी पत्नीसह काशीयात्रा केली. संस्थानिकाने लवाजमा घेऊन कंपनीच्या मुलखातून जावयाचे तर सरकारची संमती लागे. ती मिळाली आणि वाटेतील बंदोबस्तही झाला. बालपणी आश्रिताची मुलगी म्हणून जी नगरी तिने सोडली होती, तेथे ती राणी म्हणून परतली. पत्नीसाठी वेगळा कागद मागण्याची कोणाला गरज वाटली नाही. खर्च पतीचा, संमती पतीच्या नावाने, आणि तिचे स्थान त्याच्या स्थानात सामावलेले.

पुढे २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मरणशय्येवर असताना, गंगाधररावांनी दामोदररावांस दत्तक घेतले. त्यांनी कंपनीच्या अधिकाऱ्याला खलिता लिहिला आणि आपल्या पश्चात या बालकावर कृपादृष्टी ठेवावी व पत्नीस हयातीत राज्याची मालकीण मानावे, अशी विनंती केली. आपल्या मागे राहणाऱ्या पत्नीसाठी पतीने दिलेली ती शेवटची हमी होती. दुसऱ्याच दिवशी ते वारले. १८५४ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून झांशी खालसा केली. ज्याने शब्द दिला तो उरला नाही. आणि ज्याच्यापाशी दिला त्याने तो मानला नाही.

त्यानंतर राणीला दरमहा पाच हजार रुपयांचे वेतन ठरले. पण पतीच्या कर्जाची फेड त्यातून करावी, असा पेच निघाला. म्हणजे पतीचा हक्क तिच्याकडे येत नव्हता, ऋण मात्र येत होते. रूढीप्रमाणे केशवपनासाठी काशीस जाण्याची तिची इच्छा होती. ती परवानगी सरकारने दिली नाही. चार वर्षांपूर्वी पतीसह ज्या वाटेने ती सन्मानाने गेली होती, तीच वाट आता तिला बंद झाली. वाट तीच होती, स्त्रीही तीच होती. तिच्यासाठी शब्द टाकणारा मात्र उरला नव्हता.

पुढे दामोदररावांच्या मुंजीचा प्रसंग आला. मुलाच्या नावाने सुमारे सहा लाख रुपये सरकारी खजिन्यात अमानत होते. त्यांतून एक लाख रुपये राणीने मागितले. पैसे मुलाचे, कार्य मुलाचे आणि मागणारी त्याची आई; तरीही सरकारने जामीन मागितले. मुलगा वयात आल्यावर त्याने या रकमेवर हक्क सांगितल्यास ती भरून देऊ, असे चार प्रतिष्ठित गृहस्थांनी लिहून दिल्यावरच पैसे मिळाले. राज्य चालविण्याची पात्रता असलेल्या या स्त्रीला आपल्या घरच्या मंगलकार्यासाठी चार परक्या पुरुषांची पत शोधावी लागली. १८५७ चा वणवा पेटण्यापूर्वीच्या मानभंगांत हाही एक होता, हे इतिहासकाराने विसरू नये.

तीस वर्षांच्या आत दुसरी एक मराठी स्त्री याहून दूरच्या वाटेने निघाली. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. पती गोपाळराव टपाल खात्यातील नोकर. स्वतः जाण्याइतके द्रव्य नव्हते, म्हणून त्यांनी पत्नीला एकटीलाच पुढे पाठविले. अंगावरचे दागिने मोडून भाड्याची तजवीज झाली. निर्वाहास असमर्थ असलेल्या आणि समाजावर भार होईल अशा परकीयांस उतरू देऊ नये, असा कायदा अमेरिकेने आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये केला होता. आनंदीबाईंच्या मागे रोझेल येथील कार्पेंटरबाईंचे घर उभे होते आणि पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली. येथे जामीन पती नव्हे, तर एक परकी स्त्री झाली. तीही कोणत्याही कायद्याने बांधलेली नसून केवळ मायेने. गोपाळराव मागाहून अमेरिकेस गेले, तेव्हा पत्नी तेथे आधीच स्थिरावली होती.

१८८२ च्या त्या कायद्यातील तत्त्व पुढे अधिक काटेकोर झाले. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याने, पतीला वा पत्नीला कायमच्या वास्तव्यासाठी बोलाविणाऱ्याने आपले उत्पन्न सामान्यतः दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असल्याचे दाखवून निर्वाहाची लेखी हमी द्यावी, असे ठरविले. उत्पन्न अपुरे पडल्यास दुसरा जामीनदार उभा करता येतो. विशेष असे की, विवाह मोडला तरी ही हमी मोडत नाही. इंग्लंडने २०१२ मध्ये जोडीदारास आणण्यासाठी वार्षिक १८,६०० पौंडांची अट घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेली. पुण्या-मुंबईतील कित्येक घरांत लग्नानंतरचे पहिले महिने पगाराची पत्रे, करांची विवरणे आणि बँकेचे दाखले जुळविण्यात जातात.

हमी कागदावर आली आणि कायद्याने बांधली गेली, हा लाभ लहान नव्हे. गंगाधररावांच्या खलित्याला असे बळ असते, तर झांशीचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. परंतु कागदाने एक गोष्ट बदललेली नाही. ज्याच्यापाशी पुरेसे धन नाही, त्याच्या सहजीवनाला आजही सीमेवर थांबावे लागते. आणि जिच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही, तिची वाट आजही बिकट आहे.

संकठा घाटाच्या पायऱ्यांवरून आज कोणीही दस्तकावाचून उतरतो आणि गंगेत स्नान करतो. शेजारच्या मणिकर्णिकेचे नाव जिला मिळाले होते, तिला मात्र एकदा या गंगेपर्यंत येऊ दिले गेले नाही. राणीच्या रणांगणावरील शौर्याचे स्मरण आपण करतोच; या नाकारलेल्या यात्रेचेही स्मरण त्यासोबत राहावे.