मोनॅडनॉक बिल्डिंग

अमेरिकेतील शिकागो शहराच्या ‘लूप’ या मध्यवर्ती व्यापारी भागातील ऐतिहासिक कार्यालयीन इमारत. जॅक्सन बुलेव्हार्ड आणि डिअरबॉर्न स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर ती उभी आहे. उत्तरेकडचा १६ मजली अर्धा भाग बर्नहॅम आणि रूट यांच्या संस्थेने आखला, तो १८९१ मध्ये पुरा झाला. दक्षिणेकडचा भाग होलाबर्ड आणि रोश यांचा, १८९३ चा. नाव न्यू इंग्लंडमधील एका डोंगराचे. मालक ब्रुक्स बंधू बोस्टनचे होते.

उत्तर भागाच्या बाहेरच्या भिंती इमारतीचा भार पेलतात. विटांच्या भिंतींवर इतकी उंच व्यापारी इमारत त्यानंतर क्वचितच कोणी बांधली असेल, आणि कारण तळमजल्यावर गेले की कळते. तेथे भिंतीची जाडी सुमारे ६ फूट आहे. खिडकी म्हणजे जणू लहानसे भुयार, आणि भाड्याने देता येईल अशी कितीतरी जागा विटांनीच खाल्लेली. शिकागोची जमीन मऊ चिकणमातीची, म्हणून पोलाद व काँक्रीटचा तराफ्यासारखा पाया घातला. इमारत सुमारे ८ इंच खचेल, असा हिशेब होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती जवळपास २० इंच खचली. वाऱ्याचा जोर पेलायला मात्र आत लोखंडी आधार दिलेले आहेत, त्यामुळे ही निव्वळ विटांची इमारत म्हणता येत नाही.

बाहेरून नक्षी जवळजवळ नाहीच. पीटर ब्रुक्स यांना ती नको होती. पुढे आलेल्या कोरीवकामावर धूळ साचते, कबुतरे बसतात, असा त्यांचा रोकडा आक्षेप. जॉन रूट यांच्या मनात आधी इजिप्शियन वळणाची सजावट होती. ती गळाली, पण पायथ्याशी हलकेच फाकत जाणारी आणि माथ्याला पुन्हा बाहेर झुकणारी भिंत राहिली. तीच या इमारतीची खरी शोभा. बांधकाम चालू असतानाच, जानेवारी १८९१ मध्ये, रूट न्यूमोनियाने वारले.

दक्षिण भागाला पोलादी सांगाड्याचा आधार आहे, त्यामुळे भिंती पातळ झाल्या आणि खिडक्या मोठ्या. कमानी व नक्षीही परत आली. दिसायला तो भाग देखणा आहे, पण थोडा नेहमीचा वाटतो. आतले जिने पाहण्याजोगे आहेत: त्यांत ॲल्युमिनियम वापरले असून इमारतीच्या बांधकामात या धातूचा हा अगदी आरंभीचा वापर मानतात.

१९७० मध्ये इमारतीची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली. १९७९ नंतर टप्प्याटप्प्याने जीर्णोद्धार झाला. तळमजल्यावर आजही दुकाने आहेत, वर कार्यालये चालतात.