संत्र्याच्या पानातले भाऊबंद

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. डोळा रोगट झाडाचा निघाला, तर कलमासोबत ग्रीनिंगही बागेत येतो. एरवी तो सायला किडीवाटे पसरतो. एकदा झाला की झाड पूर्ण बरं करणारं औषध नाही.

या जिवाणूचा जीनोम २००९ साली छापून आला: जेमतेम १२ लाख अक्षरं. ई. कोलायची ४६ लाख. इतका छाटलेला कोड दिसला की मी आधी डिपेंडन्सी शोधतो. इथे ती झाडच आहे. पेशीतलं आयतं एटीपी हा ओढून घेतो.

ते एटीपी बनवतात मुख्यतः मायटोकॉन्ड्रिया. त्यांच्यात डीएनए असल्याचं १९६३ साली मार्गिट आणि सिल्व्हन नास यांनी दाखवलं. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी मांडलं, की हे एकेकाळचे स्वतंत्र जिवाणू. १९८१ मध्ये माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पूर्ण वाचला गेला: जिवाणूसारखाच गोल, पण फक्त १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. बाकीची काही हरवली, काही केंद्रकात गेली. (झाडांच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए याहून कितीतरी मोठा असतो.)

मायटोकॉन्ड्रियाचं नातं लागतं अल्फाप्रोटिओबॅक्टेरियांशी. ग्रीनिंगचा जिवाणूही त्यांच्यातलाच! एक भाऊबंद अब्जावधी वर्षं राबतोय, दुसरा त्याच्या ताटातलं खातोय.

हे नातं प्रयोगशाळेतही आडवं येतं. ग्रीनिंग ओळखायला पीसीआरने जिवाणूचं १६-एस जनुक शोधतात. सगळ्याच जिवाणूंना चालणारा प्रायमर वापरला, तर निरोगी पानातही काहीतरी सापडतं: झाडाच्या स्वतःच्या मायटोकॉन्ड्रियाचं जनुक.