आरशावरून प्रकाश नेमका कुठे जातो? पट्टी आणि कोनमापकाने काढा उत्तर

भोपाळ : आरसा प्रत्येक घरात असतो, पण त्यावर पडलेला प्रकाश पुढे कोणत्या दिशेला जाईल हे विचारलं की बरेच जण अडखळतात. खरं तर यासाठी पट्टी, पेन्सिल आणि कोनमापक पुरे. दहावीचा विद्यार्थी असो की त्याला शिकवायला बसलेले आई-बाबा, दोघांच्याही कामी येईल अशी ही माहिती.

एकच नियम, दोन भाषा

सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर किंवा भोपाळमधल्या मराठी घरांत एक अडचण नेहमीची. मूल शाळेत हिंदीतून शिकतं, आई-वडील किंवा आजोबा मराठीतून शिकलेले. गोष्ट एकच, शब्द वेगळे. म्हणून आधी शब्द जुळवून घ्या :

- मराठीत सपाट आरसा, हिंदीत समतल दर्पण
- मराठीत आपाती किरण, हिंदीत आपतित किरण
- मराठीत स्तंभिका, हिंदीत अभिलंब
- मराठीत आपतन कोन, हिंदीत आपतन कोण
- मराठीत अंतर्वक्र आरसा, हिंदीत अवतल दर्पण
- मराठीत बहिर्वक्र आरसा, हिंदीत उत्तल दर्पण
- मराठीत नाभीय अंतर, हिंदीत फोकस दूरी

नियम असा : प्रकाशकिरण आरशावर जिथे पडतो तिथे आरशाला काटकोनात एक रेषा काढा. हीच स्तंभिका. येणारा किरण स्तंभिकेशी जेवढा कोन करतो, तेवढाच कोन जाणारा किरण दुसऱ्या बाजूला करतो. दोन्ही किरण आणि स्तंभिका एकाच प्रतलात असतात.

चूक बहुतेक वेळा इथेच होते. कोन आरशापासून नाही, स्तंभिकेपासून मोजायचा. किरण आरशाशी 30 अंशांचा कोन करत असेल तर आपतन कोन 60 अंश. परीक्षेत हमखास विचारतात, बरं का!

करून बघण्याची भोपाळी परंपरा

हे पाठ करण्यापेक्षा करून बघावं, हा आग्रह मध्य प्रदेशात जुना आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. 1982 मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांतून मुलं प्रयोग करत, निरीक्षणं लिहीत आणि नियमापर्यंत स्वतः पोहोचत. परीक्षेला पुस्तक सोबत नेण्याची मुभा असे. 2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. एकलव्यचं काम मात्र चालू राहिलं. त्यांच्या हिंदी ‘संदर्भ’ द्वैमासिकाची प्रेरणा घेऊन पुण्यातून मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ निघालं.

त्याच पद्धतीने घरी करता येईल असा प्रयोग बघा. जाड पुठ्ठ्यावर कागद लावा, एक सरळ रेषा ओढा आणि त्या रेषेवर आरशाची पट्टी उभी करा. साध्या आरशाला मुलामा मागच्या बाजूला असतो, म्हणून आरशाची मागची कड रेषेवर आली पाहिजे. समोर तिरक्या ओळीत दोन टाचण्या टोचा. आता दुसऱ्या बाजूने आरशात बघत आणखी दोन टाचण्या अशा टोचा, की त्या दोन आणि आरशातल्या दोन, चारही एका ओळीत दिसतील. आरसा काढा, टाचण्यांच्या खुणा जोडा, कोन मोजा. एखाद-दोन अंशांचा फरक सोडला तर कोन सारखे येतात.

प्रतिमा आरशाच्या मागे कशी?

समजा वस्तू ‘व’ या बिंदूवर आहे. तिथून आरशावर टाकलेला लंब ‘ल’ला मिळतो. एक किरण ‘म’ला आरशावर आदळून परत फिरतो. हा परतणारा किरण मागे वाढवला, तर तो वल ही रेषा आरशाच्या पलीकडे ‘प’ इथे छेदतो.

आता वलम आणि पलम हे दोन त्रिकोण बघा. लम ही बाजू सामाईक. ‘ल’पाशी दोन्हीकडे काटकोन. ‘म’पाशीचे कोनही समान, कारण आपतन आणि परावर्तन कोन समान आहेत. म्हणजे त्रिकोण एकरूप आणि वल = पल. ‘म’ कुठेही घेतला तरी हेच येतं, म्हणून सगळे किरण ‘प’मधूनच आल्यासारखे वाटतात. वस्तू आरशापुढे जितकी दूर, प्रतिमा मागे तितकीच दूर.

यावरून एक सोपी युक्ती मिळते. दिव्याचा प्रकाश आरशाच्या कुठल्या बिंदूवरून डोळ्यात येतो हे शोधायचंय? दिव्याची प्रतिमा आरशामागे मांडा आणि तिथून डोळ्यापर्यंत सरळ रेषा ओढा. ती आरशाला जिथे छेदते तोच बिंदू. भोपाळच्या बड्या तालावर पाणी शांत असताना पलीकडचे दिवे उलटे दिसतात, तेही असेच. पाण्याचा पृष्ठभाग हाच आरसा.

आरशाला शिवून जाणाऱ्या सगळ्या वाटांत ही वाट सर्वांत लहान असते. दुसऱ्या कुठल्याही बिंदूवरून गेलं तर प्रतिमेपासून डोळ्यापर्यंतची रेषा मोडते, आणि मोडलेली रेषा सरळ रेषेपेक्षा लांबच असणार. हा विचार अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मांडला होता.

रोजच्या वापरातली गणितं

*झाडाची उंची :* आरसा जमिनीवर आडवा ठेवा आणि शेंडा आरशात दिसेपर्यंत मागे सरका. समजा डोळ्यांची उंची 1.5 मीटर, तुमच्यापासून आरसा 2 मीटर, आरशापासून झाड 16 मीटर. त्रिकोण समरूप, म्हणून उंची = 16 × 1.5 ÷ 2 = 12 मीटर. जमीन मात्र सपाट हवी.

*पूर्ण उंचीचा आरसा :* 160 सेंमी उंचीच्या माणसाला पूर्ण दिसायला 80 सेंमीचा आरसा पुरतो. डोळे 150 सेंमीवर असतील तर खालची कड 75 सेंमीवर आणि वरची 155 सेंमीवर हवी. मागे सरकलं की जास्त दिसेल हा समज चुकीचा. भिंतीवरच्या उभ्या आरशात फरक पडत नाही.

*आरसा फिरवला तर :* आरसा 10 अंश फिरवला की परावर्तित किरण 20 अंश फिरतो.

*दोन आरसे :* काटकोनात ठेवले तर 3 प्रतिमा, 60 अंशांत 5. शोभादर्शक यावरच चालतो.

आरसा वाकडा असेल तर?

नियम बदलत नाही. गोलीय आरशावर कुठल्याही बिंदूची स्तंभिका वक्रता केंद्रातून जाते, एवढं लक्षात ठेवा. कोन तिच्यापासूनच मोजा. अक्षाजवळून येणारे समांतर किरण अशा अंतर्वक्र आरशावरून जवळपास एका बिंदूत मिळतात. आरशापासून त्याचं अंतर त्रिज्येच्या निम्मं. सगळ्या पृष्ठभागावरचे किरण नेमके एका ठिकाणी आणायचे असतील तर आकार अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, लागतो. सूर्यचुलीची तबकडी म्हणूनच तशी असते. अशा तबकडीच्या नाभीपाशी हात किंवा डोळा नेऊ नका, भाजतं. मुलांनी मोठ्यांसोबतच बघावं.

शब्द हिंदी असोत की मराठी, कागदावरची आकृती एकच असते. मूल अडलं तर उत्तर सांगण्याआधी त्याच्या हातात आरसा आणि चार टाचण्या द्या.