जनुक, शेत आणि समाज : प्रस्तावना

जनुक अभियांत्रिकीच्या अभ्यासाकडे वळणारा वाचक बहुधा एक प्रश्न मनात घेऊनच येतो : हे तंत्रज्ञान चांगले की वाईट? मात्र या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, हे सुरुवातीलाच सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. कोणते जनुक, कोणत्या सजीवात, कोणाच्या मालकीचे आणि कोणत्या अटींवर वापरायचे, हे स्पष्ट झाल्याशिवाय लाभ-हानीचा हिशेब मांडता येत नाही.

1973 मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर या शास्त्रज्ञांनी डीएनएचे तुकडे जोडून ते जिवाणूत रुजवून दाखवले. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे शास्त्रज्ञ स्वतःहून एकत्र आले आणि प्रयोगशाळेत कोणती खबरदारी घ्यायची याचे नियम त्यांनी ठरवले. ही परंपरा अभिमानास्पद आहे. तिची मर्यादाही ध्यानात ठेवावी : तिथे चर्चा मुख्यतः प्रयोगशाळेतील सुरक्षिततेची झाली, बियाणे कोण विकणार, औषध कोणाला परवडणार, हे प्रश्न बाहेरच राहिले. 1982 मध्ये जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. तोवर मधुमेहींची भिस्त डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर होती. आज त्या औषधाबद्दल वाद होतो तो त्याच्या किमतीवरून.

मराठी वाचकाने मात्र या विषयाचा पहिला धडा कपाशीच्या शेतात गिरवावा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या मातीतल्या जिवाणूचे जनुक घातलेले झाड स्वतःच एक प्रथिन बनवते. बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते सक्रिय होते, तिथल्या विशिष्ट ग्राहींना चिकटते आणि आतड्याला छिद्रे पाडते. माणसाच्या पचनमार्गात असे ग्राही नाहीत. मार्च 2002 मध्ये मॉन्सँटोचे जनुक असलेल्या, महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना केंद्राची परवानगी मिळाली. पुढच्या दशकभरात देशातील कापसाचे उत्पादन दुपटीहून अधिक झाले. त्यात सिंचन, खते आणि नव्या संकरित वाणांचाही वाटा होता. पण सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या, हा लाभ खरा होता आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तितकाच खरा 2017 चा हंगाम आहे. त्या वर्षी विदर्भात गुलाबी बोंडअळीने दोन बीटी जनुके असलेली कपाशीही पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळीत प्रतिकारशक्ती येणार, हे अपेक्षितच होते. म्हणूनच 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. त्या बियाण्याच्या आश्रय-ओळींत जगलेल्या अळ्यांच्या पतंगांचे प्रतिकारक पतंगांशी मीलन व्हावे आणि प्रतिकारशक्ती येणे लांबावे, असा त्यामागचा विचार. पण आधीच तुटपुंज्या रानात अळीसाठी ओळी सोडणे बहुतेकांना परवडले नाही, आणि त्यामागचे कारणही त्यांना कोणी नीट समजावून सांगितले नाही. त्यात दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि हंगाम संपल्यावर राखलेली फरदड यांमुळे, मुख्यतः कपाशीवरच जगणाऱ्या या अळीला महिनोन्‌महिने खाद्य मिळत राहिले. मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडींवर तर बीटीचा उपाय नव्हताच. त्यांच्यासाठी कीटकनाशके वापरावीच लागत होती. जनुकाने आपले काम केले. ते टिकवण्याची जबाबदारी कंपन्या, सरकार आणि कृषी विस्तार यंत्रणा यांनी मिळून पेलायला हवी होती. ती पेलली गेली नाही आणि त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली.

2010 मध्ये बीटी वांग्याला स्थगिती देण्यापूर्वी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्या निर्णयावर मतभेद आहेत आणि ते असावेत. पण जे ताटात येणार त्याबद्दल लोकांना विचारायचे, ही पद्धत मला योग्य वाटते.

लाभ कोणापर्यंत पोहोचणार, हा पेच वैद्यकातही वेगळ्या रूपात उभा आहे. विदर्भ आणि खानदेशातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याचे मूळ डीएनएतील एका अक्षराच्या बदलात आहे. 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच रक्तमूळपेशी संपादित करून त्यांच्याकडून गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा बनवून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप. अमेरिकेतील त्याची जाहीर किंमत सुमारे 22 लाख डॉलर आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णापर्यंत न पोहोचणारा उपाय विज्ञानाचा विजय असला, तरी न्याय अजून दूर आहे.

हा उपचार एका रुग्णापुरता, त्याच्या संमतीने होतो. भ्रूणातील जनुके बदलणे ही याहून निराळी गोष्ट आहे, कारण तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो आणि त्यांची संमती घेता येत नाही. 2018 मध्ये चिनी शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी जनुक-संपादित जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी चिनी न्यायालयाने त्यांना तुरुंगवास ठोठावला. आजच्या ज्ञानावर ही सीमा ओलांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या क्षेत्रात येण्यासाठी जीवशास्त्राची पदवी लागत नाही. शेतकरी, परिचारिका, वकील, शिक्षक या सर्वांची इथे गरज आहे, कारण धोका कोणी पत्करायचा आणि लाभ कोणाला मिळायचा, हे फक्त प्रयोगशाळेत ठरवता येत नाही. वाचकाला एकच विनंती : पुढची प्रकरणे वाचताना आपले मत बाजूला ठेवू नका, पण प्रत्येक पुराव्यावर ते तपासून पाहा. आणि आपल्या जिल्ह्यात पुढची जाहीर सुनावणी होईल, तेव्हा आपले प्रश्न घेऊन तिथे हजर राहा.