देवाची गाय

देवांनी जनावर पाळावं ही आपल्याकडची जुनी रीत. शंकराचा नंदी, गणपतीचा उंदीर, खंडोबाचा घोडा. सगळे कसे एकजात शहाणे. पण नंदी वासरू असताना कैलासावर काय काय चघळत होता, उंदराने गणपतीचं उपरणं किती वेळा कुरतडलं आणि त्यावर देवांनी नेमकं काय केलं, याबद्दल पुराणकार अवाक्षर काढत नाहीत. आपल्यापुढे येतो तो थेट सुशिक्षित नंदी. शिकवणीचा सगळा काळ गाळलेला.

हा गाळलेला अध्याय २००१ साली इंग्लंडात, गिल्डफर्ड नावाच्या गावी लिहिला गेला. लिहिणाऱ्यांचा देवाधर्माशी काही संबंध नव्हता. ते कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करून विकत असत.

त्यांचा म्होरक्या पीटर मॉलिन्यू. या गृहस्थाला माणसाच्या हाती देवपण द्यायचा जुनाच नाद. १९८९ साली त्याच्या बुलफ्रॉग कंपनीने ‘पॉप्युलस’ नावाचा खेळ काढला. त्यात खेळणारा हा देव, आणि देवाचं मुख्य काम जमीन वर-खाली करणं. म्हणजे काम तसं बिल्डरचंच, फक्त भक्त मिळत. पुढे बुलफ्रॉग एका बड्या अमेरिकन कंपनीने विकत घेतली आणि १९९७ साली मॉलिन्यूने तीन मित्र जमवून नवं दुकान थाटलं. नाव ठेवलं ‘लायनहेड’. नावावरून वाटतं, कोणी सिंहाच्या काळजाची माणसं असावीत. प्रत्यक्षात मार्क वेब्ली या भागीदाराच्या घरी एक हॅम्स्टर होता, त्याचं ते नाव. हॅम्स्टर म्हणजे गालात दाणे साठवणारा, उंदराच्या जातीचा एक गुबगुबीत प्राणी. मला हे फार योग्य वाटतं. देवाचं वाहन घडवायला निघालेल्यांनी सुरुवात उंदरापासूनच करावी.

त्यांचा पहिला मोठा खेळ ‘ब्लॅक अँड व्हाइट’. यातही तुम्ही देवच. पडद्यावर तुमचा फक्त एक हात दिसतो. त्या हाताने झाडं उपटा, धान्य वाटा, पाऊस पाडा किंवा भक्तांना उचलून समुद्रात भिरकावा. अडवणारं कोणी नाही. सल्ला द्यायला दोघे जण असतात, एक पांढऱ्या दाढीचा सज्जन आणि एक तांबडा सैतान. दोघंही एकाच वेळी बोलतात, त्यामुळे संसारी माणसाला घरच्यासारखं वाटतं.

खरी गंमत मात्र जनावराची. माकड, गाय आणि वाघ यांतलं एक निवडायचं. ते वाढत वाढत घरांहून उंच होतं. त्याला भूक लागते, झोप येते, इतर विधीही असतात, आणि जन्मतः त्याला यातलं काहीही कुठे नि कसं करावं हे ठाऊक नसतं. शिकवायची साधनं दोनच. हात हळू फिरवला की कुरवाळणं, जोरात फिरवला की चापट. शिवाय तीन प्रकारची दावी. पहिलं शिकवणीचं: ते गळ्यात असलं की जनावर तुमच्याकडे टक लावून बघतं आणि तुम्ही जे कराल ते करू लागतं. उरलेली दोन, एक हिंसेचं आणि एक दयेचं.

हा खेळ आमच्या घरात आला तो माझ्या पुतण्यामुळे. तो तेव्हा अकरावीत होता. वाघ घ्यायचा त्याचा विचार होता, पण मागून वहिनी म्हणाल्या, “गाय घे रे. गरीब असते बिचारी.”

त्या गरीब गाईने तिसऱ्या दिवशी एक माणूस खाल्ला.

तिला भूक लागली होती आणि समोर जे हललं ते तिने तोंडात घातलं, एवढंच. पुतण्या खो खो हसत सुटला आणि हसण्याच्या भरात त्याने गाईला चांगलं अर्धा मिनिट कुरवाळलं. संध्याकाळपर्यंत तिने आणखी तिघांचा फन्ना उडवला. पाचव्याच्या वेळी वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांच्या किंकाळीने घाबरून पुतण्याने गाईला सात-आठ चापट्या ठेवून दिल्या. गाय तिथेच उभी राहून त्या हाताकडे बघत राहिली. सकाळी ज्या कृत्याबद्दल गोंजारलं, त्याच कृत्याबद्दल संध्याकाळी झोडपलं. मधल्या काळात कायदा कधी बदलला हे तिला कोणी कळवलं नव्हतं.

“भावोजी, बघा हो, ही माणसं उचलून पाण्यातसुद्धा फेकते!” वहिनी म्हणाल्या. आता ते कोण किती लांब जातं हे बघायचा प्रयोग पुतण्याने आदल्याच दिवशी केला होता, आणि तेव्हा गाय शिकवणीच्या दाव्याला बांधलेली होती. तेवढ्यात दादा आत आले. त्यांच्या हातात चाचणी परीक्षेचे मार्क होते. त्यांनी एक शब्द न बोलता पुतण्याच्या टाळक्यात एक ठेवून दिली. गाईचे आणि पुतण्याचे डोळे त्या क्षणी अगदी एकसारखे होते.

या गाईचं डोकं बांधलं रिचर्ड इव्हान्स या तरुणाने. त्याने ते कसं बांधलं हे नंतर लिहूनही ठेवलं आहे, आणि ते वाचताना बालसंगोपनाचं पुस्तक वाचतोय की काय असं वाटतं. भूक म्हणजे नेमकं काय, किती जाणवली की खायला उठायचं, हे ठरवायला ‘पर्सेप्ट्रॉन’ नावाची युक्ती. ती अमेरिकेतल्या फ्रँक रोझनब्लॅटची, १९५८ च्या सुमाराची. कशाशी कसं वागावं याची मतं बनवायला ऑस्ट्रेलियाच्या रॉस क्विनलनची निर्णयवृक्षाची पद्धत.

ती पद्धत अशी. समजा, जनावराने सात-आठ गावांवर हल्ले केले. काही वेळा मार बसला, काही वेळा शाबासकी मिळाली. आता ते सगळा हिशेब मांडतं. मार कुठे बसला? गाव आपलं होतं तेव्हा. शत्रूच्या दुबळ्या गावावर गेलो तर लाड झाले, शत्रूच्या भक्कम गावावर गेलो तर थोडा ओरडा. गावकरी कोणत्या जमातीचे होते, याने काही फरक पडला नाही. मग ते विसरायचं. यातून त्याचा सिद्धांत तयार होतो: आपल्यांना मारू नये, परक्यांना मारावं, तेही दुबळ्यांना. हे त्याला कोणी तोंडाने सांगितलेलं नसतं. तुमच्या हाताकडे बघून त्याने काढलेला तो निष्कर्ष असतो. तुमच्या पोटात काय होतं हे त्याला कळायला मार्गच नाही. आपल्या मुलांचंही बहुधा असंच होत असावं, फक्त ती आपला सिद्धांत लग्न होईपर्यंत उघड करत नाहीत.

तुमच्या वागण्याप्रमाणे जनावराचं रूपही पालटत जातं. सज्जनाचं जनावर उजळतं, दुर्जनाचं भेसूर होतं. खुद्द देवाच्या हातालाही नखं फुटतात. आरशासमोर उभं राहायची सोय अशी फार कमी करमणुकींत असते.

हा खेळ आला तेव्हा परीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. काही वर्षांतच ‘एवढं काही नव्हतं’ म्हणणारेही पुष्कळ निघाले. खेळ म्हणून तो रेंगाळतो हे खरं. पण तक्रारींतली एक मला पटत नाही: जनावराला काय समजलं तेच कळत नाही, ही. मालकांना सगळं लेखी हवं होतं. २००५ साली दुसरा भाग आला तेव्हा कंपनीने ती सोय करून दिली. जनावराच्या मनातला विचार शब्दांत दिसू लागला आणि कुरवाळल्याने तो किती पक्का होतोय हेही दिसू लागलं. झालं! शिकवणीचं प्रगतिपुस्तक झालं. पहिल्या भागात चापट मारताना निदान हात किंचित अडखळायचा.

२००६ साली मायक्रोसॉफ्टने लायनहेड विकत घेतली आणि २०१६ साली बंद केली. इव्हान्स पुढे डीपमाइंड या लंडनच्या संस्थेत गेला. ती संस्था २०१० साली स्थापणाऱ्यांतला एक डेमिस हसाबिस. हा पठ्ठ्याही शिक्षण संपवून आधी लायनहेडमध्येच होता, याच खेळातल्या बुद्धीच्या कामावर. प्रथिनांची घडण कॉम्प्युटरकडून ओळखून घेतल्याबद्दल २०२४ साली त्याला रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

ही बातमी मी वहिनींना मुद्दाम वाचून दाखवली. गाईच्या मेंदूपासून नोबेलपर्यंतचा रस्ता समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि आपली गाय?”

आमची गाय जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर होती. तो कॉम्प्युटर माळ्यावरच्या मोडक्या सायकलीबरोबर भंगारात गेला, त्यालाही आता पंधरा-सोळा वर्षं झाली.