दिनविशेष : १३ ऑगस्ट
१९७१ : देवमाशांच्या गाण्याची शास्त्रीय नोंद

हंपबॅक देवमाशांच्या गाण्यावरील रॉजर पेन आणि स्कॉट मॅकवे यांचा शोधनिबंध अमेरिकेतील ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बर्म्युडाजवळच्या समुद्रात अमेरिकी नौदलाचे अभियंता फ्रँक वॉटलिंग्टन यांनी पाण्याखालील हायड्रोफोनवर हे आवाज टिपले होते. आवाजांचे आलेख तपासल्यावर तो नुसता गलका नसून ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा गायले जाणारे, ७ ते ३० मिनिटांचे गीत असल्याचे दिसले. १९७० मध्येच या आवाजांची ध्वनिमुद्रिका निघाली होती; तिने देवमासे वाचवण्याच्या चळवळीला बळ दिले. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांसोबत हंपबॅकचे सूर अंतराळात गेले. देवमाशांच्या व्यापारी शिकारीवरील आंतरराष्ट्रीय स्थगिती १९८६ पासून लागू झाली.