वैद्यराज श्वान

वैद्यकाच्या इतिहासात धन्वंतरीला मान आहे, हिपोक्रेटिसला आहे, कुत्र्याला मात्र नाही. वास्तविक त्याची प्रॅक्टिस फार जुनी!

ग्रीसमध्ये एपिडॉरसला अस्क्लेपिअस या वैद्यदेवाचं मोठं देऊळ होतं. रोग्यांनी रात्री तिथे झोपायचं आणि देवाने स्वप्नात येऊन बरं करायचं, अशी पद्धत. पण देव झाला तरी त्याला असिस्टंट लागतातच. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या तिथल्या शिलालेखांत नोंद आहे, की एकाच्या पायाच्या बोटाची जखम सापाने चाटून बरी केली आणि एका मुलाच्या मानेवरची गाठ कुत्र्याने. आता, चाटूनही जे बरे झाले नाहीत त्यांचे शिलालेख कोण कोरणार, हा प्रश्न वेगळा. पुढे फ्रान्समधल्या माँपेलिएच्या संत रॉकच्या आख्यायिकेतही कुत्रा आलाच. रानात प्लेगने पडलेल्या संताला तो पाव आणून द्यायचा आणि त्याच्या जखमा चाटायचा. म्हणजे औषध आणि पथ्य एकाच दवाखान्यात!

हसू नका. लाळेत खरंच गुण आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ साली जाहीर केलेलं लायसोझाइम हे जंतुनाशक द्रव्य लाळेतही असतं. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींतून पेशींची वाढ करणारी द्रव्यं काढली आणि त्या कामाबद्दल १९८६ चं नोबेल त्यांना रीता लेव्ही-मोंताल्चिनींबरोबर मिळालं. लाळग्रंथी काढून टाकल्या, तर उंदरांच्या जखमा सावकाश आखडतात, हेही १९७९ मध्ये दिसलं.

पण उंदराची लाळ उंदराला. खुद्द कुत्र्यांचे डॉक्टर ऑपरेशननंतर पेशंटच्या गळ्यात नरसाळं अडकवतात ते का? तर वैद्यराजांनी स्वतःचीच जखम चाटून टाके उसवू नयेत म्हणून!

आणि त्याच लाळेतून रेबीजही येतो. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली लस टोचली, ती पिसाळलेल्या कुत्र्याच्या दातांमुळे. विष दातांत नसतं, लाळेत असतं. उघड्या जखमेवर नुसती जीभ फिरली तरी ते चावल्यासारखंच धरायचं. पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायचं आणि तडक जाऊन इंजेक्शन घ्यायचं. एकदा लक्षणं दिसली की मग धन्वंतरी काय अन् अस्क्लेपिअस काय, सगळ्यांचेच हात टेकतात.

तेव्हा कुत्र्याचं प्रेम जरूर घ्यावं. प्रिस्क्रिप्शन मात्र दुसऱ्याचं घ्यावं.